मेन बंद न करणारे मास्तर

आमच्या भागातल्या वायरमनला सगळे करंटमास्तर म्हणत. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती आणि आम्ही ती मुकाट्याने वापरत होतो. मास्तरांची सगळी कीर्ती एकाच गोष्टीवर उभी होती: ते कामाआधी मेन स्विच कधीही बंद करत नसत. चालू वायरला बोटाची उलटी बाजू लावायची, जरा डोळे मिटायचे आणि वीज आहे की नाही ते सांगायचं. खिशाला टेस्टर असायचा, पण शोभेपुरता. रबरी हातमोज्यांचा विषय निघाला की म्हणत, "ते भांडी घासणाऱ्यांना द्या."

माझं पडदे शिवायचं दुकान आहे. तिथला पंखा दुरुस्त करायला ते आले आणि स्टुलावर उभं राहून तासभर स्वतःच्या पराक्रमावर बोलले. पंखा दुसऱ्याच दिवशी परत बंद पडला, पण मी मात्र पुरती भारावले होते. कारण त्याच आठवड्यात माझ्या भाच्याला शाळेने तिसऱ्यांदा घरी पाठवलं होतं.

भाचा सोळा वर्षांचा. बाप दुसरा संसार थाटून निघून गेल्यापासून हा घरात बोलत नसे, आणि शाळेत जे काही बोले ते हाताने. एकदा वर्गाची काच गेली, एकदा दुसऱ्या मुलाचा दात. त्याची आई, म्हणजे माझी ताई, रडून रडून थकली होती. मग आम्ही दोघी शहाण्यांनी ठरवलं, की पोराला पुरुषमाणसाचा धाक हवा. सुट्टीपुरतं त्याला मास्तरांच्या हाताखाली मीच नेऊन उभं केलं.

मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भीती वाटते का रे?"

"कशाची?"

"शाबास! लक्षात ठेव, करंट घाबरणाऱ्यालाच लागतो."

एवढा मोठा शोध लागूनही जगाने त्यांची दखल घेतली नाही, हे जगाचं दुर्दैव. पण बाप गेल्यापासून त्या पोराला कोणी शाबास म्हटलं नव्हतं. मास्तर दिवसातून दहादा म्हणत. पोरगं फुललं. जेवताना बोलायला लागलं. ताईने माझे दोन्ही हात धरून "तुझे उपकार गं" असं म्हटलं, आणि मीही ते बिनदिक्कत पदरात पाडून घेतलं.

मग लक्षात आलं, की बोलतोय हा, पण शब्द मास्तरांचे आहेत. अभ्यास भित्र्यांनी करायचा. बायकांचं ऐकणारा कसला पुरुष. सुट्टी संपली, शाळा उघडली, हा काही गेला नाही. ताई समजवायला गेली तर म्हणाला, "तू अशी घाबरट, म्हणूनच बाबा गेले." ताई दोन दिवस जेवली नाही. मी तणतणत मास्तरांच्या कामाच्या जागी जाब विचारायला गेले.

ते हसले. "पोरगा तयार होतोय, बाई. तुम्ही आपले पडदे शिवा."

आणि मी पडदे शिवले. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पुढच्याच महिन्यात, एका दुपारी, समोरच्या इमारतीत जिन्याखाली मीटरबोर्डाचं काम होतं. मास्तर चहाला गेले. जाताना बजावून गेले, "मेनला हात लावलास, तर माझं नाव सांगू नकोस." पोराने मेनला हात लावला नाही. वायरला लावला. हात चिकटला तो सुटेचना. रखवालदार ओरडत धावला आणि त्याने मेन खाली ओढला, म्हणून भाचा वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र काढावी लागली.

मास्तर दवाखान्यात आले, चार संत्री घेऊन. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून मान हलवत म्हणाले, "घाबरला असशील. मी सांगितलं होतं."

मी तोंड उघडायच्या आत पोरगं म्हणालं, "हो मास्तर. चूक माझीच. घाबरलो मी."

बोटं गेली तेव्हा मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

घरी आल्यावर त्याचा एकच ध्यास: मास्तरांची माफी मागायची आणि डाव्या हाताने काम करू द्या म्हणायचं. त्यांनी बक्षीस दिलेला टेस्टर तो उशाशी घेऊन झोपे. ताईने हात टेकले. शेवटी एका सकाळी मी त्याच्याबरोबर गेले, मास्तरांच्या घरी, पहिल्यांदाच.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. "या, जरा उकडेल हं. मेन बंद केलाय. हे बटण दुरुस्त करतायत."

मास्तर स्टुलावर उभे होते. पायात रबरी चपला, हातात रबरी मोजे. दाराजवळच्या बोर्डावर मेन खाली ओढलेला, आणि त्यावर दोऱ्याने पुठ्ठा लटकवलेला: हात लावू नये. अक्षर मास्तरांचंच.

भाचा त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला. "मास्तर, मेन बंद आहे."

"घरात लेकरं आहेत रे," मास्तर म्हणाले. "विषाची परीक्षा कशाला?"

भाच्याने डावा हात मेनवर ठेवला. अगदी हळू विचारलं, "चालू करू?"

करंटमास्तर किंचाळले. हातातली पक्कड टाकून स्टुलावरून उडी मारली आणि भिंतीला चिकटले. "हात काढ! मारतोस की काय मला!"

त्याने हात काढला. खिशातला टेस्टर स्टुलावर ठेवला आणि माफी न मागताच बाहेर पडला.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तो बसला. मी शेजारी बसले. म्हटलं, "तुला मास्तरांपुढे मी आणून उभं केलं होतं. चूक माझी आहे, बाळा."

त्याने बँडेज बांधलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मी घाबरलो नव्हतो गं. अजिबात नव्हतो. तरी लागला."