टाळूमागचे दार

नाकाखाली धरलेल्या लहानशा आरशावर श्वासाची वाफ उमटते, आणि नागपुरातल्या हिवाळी सकाळी ती अधिकच ठळक दिसते. ‘म’ म्हणताना ती उमटायलाच हवी. ‘प’ म्हणताना मात्र काच कोरडी राहायला हवी. नंदनवन भागातल्या माझ्या वाचोपचाराच्या खोलीत सहा वर्षांची तन्वी ‘पापा’ म्हणू पाहत होती, आणि काच दर वेळी धूसर होत होती.

जिभेच्या मागे, टाळूच्या टोकाला, निसर्गाने एक मऊ दार बसवले आहे. बोलताना ते क्षणात मिटते, क्षणात उघडते, आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते. तन्वीची टाळू जन्मतःच दुभंगलेली होती. तान्हेपणी ती शिवली, पण दार काही मिटेना. ओठांवर थांबायचा वारा नाकातून निसटे. पोळी मागितली की ‘मोळी’ ऐकू येई, आणि ‘बाबा’ म्हटले की ‘मामा’. चालायला, शिकायला तन्वी थोडी सावकाश होती. तेव्हा हे बोलणेही लोकांनी त्या मंदपणाच्याच खात्यात टाकले. सूर नाकातून आला की माणसाची बुद्धीही आपण त्याच सुरावरून का जोखतो?

तिचे आईवडील उमरेडहून एसटीने येत. वडील कोळसा खाणीत कामाला. पहिल्याच भेटीत ते खाली मान घालून म्हणाले, “पोरीनं मले हाक मारली का शेजारी हासते, मॅडम. म्हणते, भाचीनं बोलावलं गा तुले.”

आईची व्यथा निराळी होती. कुणीतरी सांगितले म्हणून ती लेकीकडून रोज फुगे फुगवून घेई. “तरी फरक नाही. माह्यंच काही चुकून राहिलं का?”

“नाही, ताई. फुगे फुगवून टाळू लांब होत नाही. तिचे प्रयत्न कमी नाहीत आणि तुमचेही नाहीत.”

मी त्यांना सर्जनकडे पाठवले. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिले आणि निदान पक्के झाले: टाळू आखूड होती, आणखी एक शस्त्रक्रिया हवी होती. आई ते ऐकून रडली; मला वाटते, त्यात भीतीपेक्षा सुटकाच अधिक होती. वडील मात्र उठून उभे राहिले. “एकदा चिरलं लेकराले. आता पुन्हा नाही.”

त्यानंतर बरेच दिवस ती मंडळी आली नाहीत. उन्हाळा लागता लागता वडील एकटेच आले. शाळेतली मुले तन्वीच्या नकला करीत, म्हणून तिने बोलणेच सोडले होते. पाणी हवे तर बोट दाखवायची. ते म्हणाले, “आता पोरगी मले हाकच मारत नाही. मामा म्हटलं असतं तरी चाललं असतं मले. सर्जनची तारीख घ्या.”

शस्त्रक्रिया झाली. पण दार मिटू लागले म्हणून जिभेची जुनी वळणे लगेच सुटत नाहीत. ‘प’ आला, हरवला, पुन्हा आला. पावसाळा त्यातच सरला. थकली की तिचा स्वर अजूनही किंचित नाकात जातो, आणि बहुधा पुढेही जाईल. पण अनोळखी माणसाला तिचे बोलणे कळते. तन्वीने आणि मी धरलेले ध्येय एवढेच होते.

परवा ती वडिलांबरोबर आली आणि खुर्चीवर बसायच्या आत शाळेतल्या भांडणाची सगळी हकीकत तिने ऐकवली. वडील कौतुकाने माझ्याकडे पाहत म्हणाले, “पाहा मॅडम, आता बोलाले लागली माही पोरगी.”

तन्वी थांबली. तिने त्यांच्याकडे वळून, अगदी शांतपणे त्यांची चूक दुरुस्त केली.

“मी पयलेपासूनच बोलत होती, बाबा. तुमाले समजत नव्हतं.”