चोळलेली गाठ

माह्या हाताले गुण आहे, असं उंद्रीत सगळेच म्हणत. बाळंतिणीची मालिश असो, लचकलेला पाय असो, बोलावणं मलेच. मलेही त्याचा गर्व होता, खोटं काऊन बोलू? अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बाई मी.

म्हणून धाकट्या जावेनं एक दिवस मले न्हाणीत बोलावून छातीतली गाठ दाखवली, तेव्हा मी घाबरली नाही. बोराएवढी होती, दुखत नव्हती. "बाई, कोणाले सांगू नका," ती म्हणाली.

"वेडी का तू? दुधाची गाठ असंल जुनी. चोळून काढू."

तिची पोरगी तेव्हा तेवीस वर्षांची होती. म्हणे दुधाची गाठ! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावं वाटते.

चार महिने चोळली. तेल कोमट करून, अंगठ्यानं, कडेकडून मधल्या भागाकडं. ती ओठ आवळून बसे, हूं की चूं करत नसे. गाठ कधी नरम लागे, कधी नाही. खरं म्हणजे मले जशी पाहिजे तशीच लागे. मंग तिच्या पाठीत कळा सुरू झाल्या, तर मी पाठही चोळली. रोग हेल्याले आन औषध पखालीले. शेवटी रस्त्यातच तिचा पाय लुळा पडला, तेव्हा जीपमधे घालून चिखलीले नेली. तिथल्या डॉक्टरनं पाठीआधी छाती पाहिली आणि मोठ्या दवाखान्यात धाडलं. कॅन्सर निघाला. मणक्यापर्यंत पोचलेला.

पोरगी पुण्याहून आली. आणि ती शिकत काय होती? हेच. कॅन्सरच्या पेशी. एका दुपारी, आईचा डोळा लागलेला असताना, तिनं मले मोबाइलवर तिचं काम दाखवलं. काचेच्या पट्टीत केसाहून बारीक नळ्या कोरलेल्या, आणि त्यांतून दाब देऊन पेशी ढकलायच्या. एक गोल पेशी नळीच्या तोंडाशी आली, अडकली, मंग सोऱ्यातून शेव पडावी तशी लांब होत आत घुसली.

"मोठीमाय, गाठीतून सुटून रक्तात उतरलेल्या बहुतेक पेशी मरतात. अशा बारीक रक्तवाहिन्यांत चेंगरतात, रक्ताच्या धारेनं फाटतात. पण एखादी निभावते. दाब सोसून बाहेर पडलेल्या काही पेशी तर आधीपेक्षा चिवट होतात, औषधालाही लवकर दाद देत नाहीत. मग हाडात, नाहीतर फुप्फुसात घर करतात."

पडद्यावरची ती पेशी पलीकडं निघाली. थोडा वेळ वाकडीतिकडीच राहिली, मंग हळूहळू पुन्हा गोल झाली.

"आणि बाहेरून चोळलं तर?" मी विचारलं. "गाठीवर दाब बसते ना?"

तिनं मोबाइल उपडा ठेवला. "कोणी चोळली?"

खोटं बोलता आलं असतं. तिच्या आईनं मरेपर्यंत माहं नाव घेतलं नसतं. पण पोरीच्या डोळ्यांत पाहून जीभच वळली नाही.

"मी. चार महिने."

ती माह्या हातांकडं पाहत राहिली. "शिव्या दे मले," मी म्हटलं, "पण काही तरी बोल वं माय."

"चोळल्यानं पसरला का, हे कोणीच सांगू शकत नाही," ती म्हणाली. "तो आपसूकही पसरतो."

माह्या जिवात जीव आला. हो, आला. त्याचीच मले आज सगळ्यात जास्त लाज वाटते. कारण लगेच तिचा आवाज फुटला, आणि पुण्याची भाषा गळून पडली. "पण बोराएवढी होती तवाच दवाखान्यात नेली असती तर? चार महिने, मोठीमाय! चार महिने तू तिले घरात ठेवलं!"

त्या आवाजानं जाऊ जागी झाली. काय झालं, हे तिले कळलं नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "बाई, पाठ लय ठणकून राह्यली. जरा दाबता का? तुमच्या हाताले गुण आहे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मले. मणका आतून पोखरलाय, जोर दिला तर मोडंल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. मी तिच्या पाठीवर नुसता तळहात टेकवला.

"जोरानं दाबा ना."

"दाबूनच राह्यली," मी म्हटलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "हाव. आता बरं वाटून राह्यलं."

पोरगी दारात उभी होती. माहा हात हलतही नाही, हे तिले दिसत होतं. तिनं मले खोटं पाडलं नाही.