घंटा चढवताना सुटलेला दोर

मंडळी, आजचं आजच सांगते.

सकाळी आमच्या विठ्ठलमंदिरात नवी पितळी घंटा टांगायची होती. काल नुसत्या दोराने ओढताना आठ गडी दमले, तरी ती गुडघ्याच्या वर गेली नाही. कावेरीच्या पुलावर गोरा साहेब लोखंडी तुळया कप्प्यांनी उचलतो, तिथून आमचे हे कप्प्या मागून घेऊन आले.

"चार हात दोर ओढाल तेव्हा घंटा हातभर चढेल. पण भारही चौथाईच लागेल," असं सांगून हे घंटा डोलू नये म्हणून तिच्याखाली चौरंगावर उभे राहिले.

घंटा खरंच अलगद चढली. तुळईशी पोचताच भजनाचे म्होरके रामूमामा आनंदाने ओरडले, "पुंडलीक वरदे!"

"हरि विठ्ठल!" म्हणत सगळ्यांनी सवयीने हात जोडले. दोर धरलेल्यांनीसुद्धा!

मी आरतीचं ताट टाकून सुटलेला दोर पकडला. तो तळहात सोलत सरसर गेला आणि थांबला. घंटा यांच्या डोक्यावर वीतभर उंच लटकत होती, आणि दोर मी एकटीने धरला होता.

"सूनबाई, विठ्ठलानेच धरली गं!" मामा गहिवरले, आणि सगळ्यांनी पुन्हा हात जोडले. दोर माझ्याच हातात!

धरली असेल विठ्ठलाने, मी नाही म्हणत नाही. मग सालटं माझ्या हातांची कशी निघाली, तेवढं कुणी सांगाल का?