अण्णांनी पाडलेलं छिद्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — तेही नीट सांगता येणार नाही.

परभणीकडच्या खेड्यातून बेंगळुरूला आलो तेव्हा मी आमच्या घरातला पहिला पदवीधर होतो, आणि एकट्या मुलाला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. के. आर. पुरमच्या अण्णांनी दिली. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. चाळीस वर्षं कारखान्यात ड्रिल मशीनवर काढलेली. "स्वल्प भाजी घेऊन जा रे वर," म्हणून रोज हाक मारायचे. माझी नोकरी कायम झाली तेव्हा गल्लीत पेढे त्यांनी वाटले. अशा माणसाशी मी —

आधी टाकीचं सांगतो.

त्यांच्या दिवाणखान्यात माशांची मोठी काचेची टाकी होती. त्यांच्या गेलेल्या पत्नीची, अक्कांची. खालच्या कपाटात दुसरी, लहान टाकी. तिथून पंप पाणी वर चढवायचा. वीज गेली, पंप थांबला, की तेच पाणी त्याच पाइपातून उलटं खाली ओढलं जातं, आणि पाइपाचं तळाजवळचं तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. म्हणून नुकताच पाइप बदलला तेव्हा अण्णांनी पाण्याच्या रेषेलगत त्याला बारीक छिद्र पाडलं होतं. पाणी बोटभर उतरलं की तिथून हवा शिरायची आणि ओढ तुटायची. "हे भोक आहे म्हणून मला झोप लागते," असं म्हणायचे.

ते आठ दिवस लेकीकडे हुबळीला गेले. घर माझ्यावर. वरच्या खोलीत नेट धड नव्हतं, म्हणून मी दिवाणखान्यात बसून ऑफिसच्या मीटिंगा करायचो. छिद्रातून सारखी चिर्र चिर्र धार उडायची. एकदा कुणीतरी विचारलं, "बाथरूममध्ये बसलायस का?" सगळे हसले. ते हसणं मला — खेड्यातल्या पोराला — फार लागलं. हार्डवेअरच्या दुकानातून तेवढाच पाइप कापून आणला, बिनछिद्राचा, आणि बसवला. जुना तुकडा जपून ठेवला. अण्णा यायच्या आत परत लावणार होतो. छिद्र कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं का? होतं. इंजिनिअर आहे मी.

सातव्या दिवशी मी व्हाइटफील्डला ऑफिसात असताना वीज गेली. संध्याकाळी दार उघडलं तर खालची टाकी ओसंडून फरशीभर पाणी, आणि टाकीच्या तळाशी उरलेल्या दोन बोटं पाण्यात अक्कांचे पाचही मासे आडवे.

फोन केला. मासे गेले, एवढंच सांगितलं. अण्णा सकाळच्या गाडीनं आले. पाइपावरून बोट फिरवत राहिले — वर, खाली, पुन्हा वर.

"अरे, भोक कुठंय? मी पाडलं होतं ना?"

तुकडा वर माझ्या बॅगेत होता. मी म्हणालो, "नाही, अण्णा. पाडायचं म्हणत होता तुम्ही. राहून गेलं असेल."

ते आपल्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. "सरी, तसंच असेल," म्हणाले.

त्यानंतर त्यांनी स्कूटर काढली नाही. गॅसपाशी चिठ्ठ्या चिकटवल्या — बंद केला, बंद केला. आपलं ड्रिल शेजाऱ्याला देऊन टाकलं. वर्षभरात लेक त्यांना हुबळीला घेऊन गेली. हे सगळं मी रोज पाहत होतो. तुकडा खाली आणायला किती लागलं असतं? चौदा पायऱ्या होत्या.

अजून त्यांचा फोन येतो. "अक्काचं वर्षश्राद्ध आपण केलं होतं ना रे? तू सांग. तुझ्या सगळं लक्षात असतं."

मी सांगतो. आता खरं तेच सांगतो.

तुकडा माझ्या कपाटात आहे. कधीतरी काढून उजेडात धरतो. छिद्र अगदी नेमकं आहे — काठाला एक ओरखडासुद्धा नाही.