अस्तरवाल्या वासुदेवरावांची पाचवी तार

चिकपेटेतलं पतंग्यांचं अस्तराचं दुकान इतकं चिंचोळं होतं, की दोन गिऱ्हाइकं एकदम आत आली तर वासुदेवरावांना कात्री उभी धरावी लागे. अस्तर, कॅनव्हास, पायपिंग, साडीचे फॉल, असं शिंपीकामाला लागणारं सगळं तिथं मिळे. घराणं कैक पिढ्यांचं बंगळूरकर. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलेलं, की पुण्याकडचा पाहुणा आला की दर दोन वाक्यांनी "म्हणजे?" असं विचारी.

रंग जुळवून अस्तर कापून देणारा हा पन्नाशी उलटलेला गृहस्थ सणावाराला निळा सफारी चढवून जयतीर्थच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो, हे फार थोड्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही बेस गिटार म्हणजे नेमकं काय हे सांगता आलं नसतं. "ती चालू असते तेव्हा कुणाला कळत नाही," वासुदेवराव समजावत, "बंद पडली की गाणं पोकळ लागतं, तेव्हा कळते." तरुणपणी एका हॉटेलातल्या बँडकडून घेतलेली त्यांची गिटार चार तारांची होती. तारांचा आवाज मेला की ते त्या काढून पाण्यात खळखळा उकळत आणि पुसून पुन्हा चढवत. त्यांच्या बायकोनं, शारदाबाईंनी, त्यासाठी स्वयंपाकघरात एक वेगळं पातेलं काढून दिलं होतं, कारण एकदा त्यांच्या सारात लोखंडाची चव उतरली होती.

सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात सिनेमाची गाणी बदलली. नव्वदच्या दशकातल्या नव्या गाण्यांतला खालचा सूर कीबोर्डवरून यायला लागला, आणि तो वासुदेवरावांच्या सगळ्यात जाड तारेच्याही खाली जाई. तिथं त्यांना तोच सूर वरच्या सप्तकात घ्यावा लागे. म्हणजे तळघरातलं सामान माळ्यावरून काढून दिल्यासारखं व्हायचं. कीबोर्डवाला संतोषकुमार गुणी पोरगा. एका तालमीत तो अगदी आदरानं म्हणाला, "अंकल, तुम्ही वरच राहा. खालचं मी डाव्या हातानं बघतो."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण वासुदेवरावांना ते लागलं. पाच तारांच्या गिटारी निघाल्यात, त्यांना खालच्या सुरांसाठी आणखी एक जाड तार असते, हे ते ऐकून होते. पाहिली मात्र कधी नव्हती.

गणपतीच्या आधी महिनाभर दुकानात प्रतिमा नावाची एक तरुण बाई आली. नवऱ्याच्या नोकरीमुळं पुण्याहून येऊन जे. पी. नगरात राहिलेली. तिला खोळीसाठी जाड कापड हवं होतं. कशाची खोळ, असं वासुदेवरावांनी विचारलं.

"गिटारची. माझ्या मिस्टरांनी सिंगापूरहून आणली, आता नुसती धूळ खाते. बेबीच्या रूममध्ये उभी असते, भीती वाटते पडेल म्हणून. खूप लांब आहे हो ती. आणि तारा पण पाचच, सहातली एक कमी आहे."

वासुदेवरावांची कात्री कापडात तशीच राहिली.

"पाचच?" त्यांनी विचारलं. "जाड-जाड?"

"एक तर पेन्सिलएवढी जाड आहे."

वासुदेवरावांनी कात्री खाली ठेवली आणि अशा वस्तूचं माप अंदाजानं घेता येत नाही, खोळ सैल झाली तर गिटारच्या मानेला धोका, असं बरंच काही गंभीरपणे सांगितलं. मग रविवारी आपण स्वतः घरी येऊन माप घेऊ म्हणाले. उभ्या आयुष्यात ते गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेले नव्हते. रात्री शारदाबाईंना हे सांगताना ते आमटीत मीठ घालायचं सोडून पाण्याच्या भांड्यात घालत होते. शारदाबाईंनी मिठाची बरणी लांब सरकवली.

रविवारी ते मापाची टेप खिशात घालून बसनं जे. पी. नगरला गेले. प्रतिमाचा नवरा मकरंद कॉम्प्युटर कंपनीत होता. त्यानं मोकळेपणानं सांगितलं, की दुकानदारानं फाइव्ह-स्ट्रिंग प्रो लोक घेतात म्हटलं म्हणून घेतली, पण बोटं इतकी दुखली की इंटरेस्टच गेला. गिटार कोपऱ्यात उभी होती. गर्द तपकिरी, लाकडाच्या रेघा दिसणारी. वासुदेवरावांनी आधी खरोखरच माप घेतलं, लांबी, रुंदी, सगळं. मग घसा खाकरून म्हणाले, "स्वल्प वाजवून बघू का?"

तारा गंजलेल्या होत्या आणि पाचवी तर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबत होती. त्यांनी खुंट्या पिळल्या, सूर लावला आणि मांडीवर घेऊन वाजवायला सुरुवात केली. स्पीकर नव्हता, पण लाकूड पोटाला टेकलेलं असल्यामुळं खालचा सूर त्यांना कानाआधी पोटात ऐकू आला. ते दचकून थांबले आणि एकटेच हसले. पुन्हा वाजवलं, पुन्हा हसले. पाळण्यातलं मूल जागं झालं आणि न रडता त्यांच्याकडं बघत राहिलं.

आता झालं असं, की मकरंदच्या डोळ्यांत नवीच चमक आली. "अरे, ही अशी वाजते?" म्हणत तो गिटार परत घ्यायला हात पुढं करू लागला. आपण क्लास लावावा की काय, असंही पुटपुटला. वासुदेवरावांनी गिटारची मान आणखी घट्ट धरली. ती मागायची कशी, याचे शब्द ते बसमधून येताना जुळवत आले होते, पण आता त्यातला एकही उपयोगाचा वाटेना.

प्रतिमानं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा या टक्कल पडलेल्या, मघाशी कानापर्यंत हसू गेलेल्या माणसाकडं.

"मकरंद," ती म्हणाली, "ही काकांना देऊन टाक. तू ऐकायला जा."

व्यवहाराचं बोलणं चहा गार व्हायच्या आत संपलं. मकरंदनं एकच अट घातली, की कार्यक्रमाला बोलवायचं. वासुदेवराव गिटार उराशी धरून रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला घराऐवजी दुकानाचा पत्ता सांगून बसले. चिकपेटेत पोचल्यावर त्यांना आठवलं, की आज रविवार, दुकान बंद.

आता तारा हव्या होत्या. या गंजक्या तारा उकळून भागण्यासारख्या नव्हत्या. खरी गंमत अशी, की इतकी वर्षं वाजवूनही वासुदेवरावांनी तारा कधी निवडल्या नव्हत्या. ज्या मिळतील त्या चार आणायच्या, एवढंच. देवाप्पाच्या वाद्यांच्या दुकानात पाच तारांचे तीन वेगवेगळे संच निघाले, तेव्हा ते मिठाईच्या दुकानात शिरलेल्या पोरासारखे एकाकडून दुसऱ्याकडं हात नेऊ लागले. शारदाबाई बरोबर होत्या. नवरा आनंदाच्या भरात काहीतरी भलतंच घेऊन येईल, म्हणून त्या मुद्दाम आल्या होत्या.

देवाप्पा पाकिटं फोडून देईना. पण भिंतीवर टांगलेल्या चार तारांच्या तिन्ही गिटारींना नेमक्या त्याच तीन जातींच्या तारा होत्या, त्या वाजवून बघा म्हणाला. पहिली स्टीलची. लखलखीत, ताटं आपटल्यासारखा आवाज, बोटं सोलून काढणारी. दुसरी निकेलची, आवाज भरलेला पण कडा शाबूत. तिसरी सपाट गुंडाळीची, म्हणजे वर खाचा नसलेली, हाताला रेशमासारखी आणि आवाजाला मऊ, गोल. वासुदेवरावांनी तिन्ही वाजवल्या. पुन्हा वाजवल्या. शारदाबाईंना पाठ करून उभं राहायला लावलं आणि कुठला आवाज चांगला ते न बघता सांग म्हणाले. दुकानात आलेली दोन कॉलेजची पोरंही पाठ करून उभी राहिली. देवाप्पानं कपाळाला हात लावला आणि मग तोही वळून उभा राहिला.

वासुदेवरावांचं मन सपाट तारांवर बसत चाललं होतं. बोटांना ओळखीच्या, आवाज ओळखीचा.

"हा आवाज घरात आहेच की," शारदाबाई भिंतीकडं तोंड करूनच म्हणाल्या. "नवीन आणायला आलो ना आपण?"

वासुदेवरावांनी सपाट तारांचं पाकीट परत ठेवलं. मग निकेलचा संच उचलला आणि त्यातही पाचवी तार जितकी जाड मिळेल तितकी जाड मागितली. घरी आल्यावर ती खुंटीच्या भोकात शिरेना. तेलाचा हात लावला, टोक चिमट्यानं चेपलं, तेव्हा कुठं गेली. मग आठवडाभर सगळंच चुकलं. इतकी वर्षं सगळ्यात वरची तार म्हणजे एक ठरावीक सूर, असं अंगठ्याला पाठ होतं. आता तिथं भलतीच तार, ही नवी पाचवी. ओळखीचं गाणं सुरू केलं की शेजारच्या गाण्यात जाऊन पडत. आतून शारदाबाईंचं हसणं ऐकू येई, आणि ते आणखी जोरात चुकत.

यशवंतपूरच्या बाजारात व्यापाऱ्यांचा गणपती होता. मांडवात पत्र्याच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत शारदाबाई, प्रतिमा, मकरंद आणि मांडीवर मूल. सगळ्यांना हवं असलेलं ते नवं गाणं आलं. ठरलेल्या जागी वासुदेवरावांनी पाचव्या तारेवर गिटारच्या मानेवरचा तिसरा पडदा दाबला.

सूर निघाला आणि रिकाम्या खुर्च्या थरथरून वाजल्या. संतोषकुमारनं डावा हात पट्ट्यांवरून उचलला, वासुदेवरावांकडं बघितलं आणि तो हात चक्क खिशात घातला. बाकीचं गाणं त्यानं एका हातानं वाजवलं.

लोकांनी 'वन्स मोअर' मागितला. गायक वेणुगोपाल खट्याळ माणूस. तो वळून म्हणाला, "अर्धा सूर खाली घेऊ का, राव?" पूर्वी असं विचारलं की वासुदेवराव हात जोडत. आता मान डोलावून म्हणाले, "सरी, घ्या की." गाणं एक पडदा खाली, दुसऱ्यावर आलं. लोकांनी पुन्हा मागितलं. वेणुगोपालनं आणखी खाली ओढलं. पहिला पडदा. जयतीर्थ विंगेतून खुणा करत होता की पुढचं गाणं घ्या, पण आता स्टेजवर कुणीच त्याच्याकडं बघत नव्हतं. ढोलकवाला हसून हसून ताल सांभाळत होता. मांडवाला काहीच पत्ता नव्हता, फक्त दर खेपेला पोटात काहीतरी जास्त गुदगुल्या होतात एवढंच कळत होतं.

चौथ्या खेपेला वासुदेवरावांनी पडदा सोडूनच दिला आणि जाड तार मोकळी छेडली. तिच्याखाली आता सूरच नव्हता. मूल टाळ्या पिटू लागलं. वेणुगोपाल त्या सुरापर्यंत उतरला, तोंड उघडलं, आणि गळ्यातून नुसती हवा आली. तो खोकला, हसला, माइक बाजूला धरून वाकून उभा राहिला. त्याच्या ओळी मग मांडवातल्या व्यापाऱ्यांनीच गायला सुरुवात केली, बेसूर, मोठ्यांदा, आणि वासुदेवराव डोळे मिटून त्यांच्या खालून वाजवत राहिले.