निरोपाची लांबी

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण खरं सांगितलं की माझी हुशारी गेली. आता निवृत्त होऊन घरी बसलोय, हुशारीचा काही उपयोग उरलेला नाही. तेव्हा सांगतोच.

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायचो. विभाग म्हणजे मी आणि माझ्या हाताखालची एक मुलगी, पूर्व भागातल्या विणकर घरातली, घरी तेलुगू बोलणारी. प्रत्येक लॉटचा निरोप ऑफिसातून डाय हाऊसला, म्हणजे रंगाई-धुलाईच्या खात्याला, नेटवर्कवरून जायचा. पाठवणारा प्रोग्राम माझा, तिकडे घेऊन पडद्यावर दाखवणारा तिचा. आधी निरोपाची लांबी जायची, मागून निरोप. तिचा प्रोग्राम तेवढे बाइट वाचून जोडणी बंद करायचा.

निरोप इंग्रजीत होते तोवर सुरळीत चाललं. मग डाय हाऊसच्या मास्तरांनी मालकांना सांगितलं, "ते इंग्लिश आमच्या पोरांना कळंना. शेवटची सूचना तरी मराठीत द्या की." मी शेवटी मराठी ओळ जोडली.

दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "सर, मराठी ओळ अर्धीच येतीय. कधीकधी शेवटी प्रश्नचिन्ह दिसतंय."

"फॉन्टचा घोळ असेल."

"फॉन्ट नाही सर. तुम्ही अक्षरं मोजून लांबी पाठवताय. इंग्लिश अक्षर एका बाइटात बसतं, मराठीला तीन लागतात, काना-मात्रेलासुद्धा. आधी निरोपाचे बाइट करा, मग मोजा."

"मी हे काम करत होतो तेव्हा तू शाळेत होतीस."

"व्हय सर, पण तेव्हा तुम्ही इंग्लिशच पाठवत होता की."

तिचं हसणं मला झोंबलं. कोड उघडूनही पाहिला नाही.

त्याच आठवड्यात परदेशी जाणारा गडद लाल लॉट आला. मी सूचना लिहिली: पांढऱ्या काठाचा माल आहे, साबणाची धुलाई दोनदा करा. पडद्यावर 'पांढऱ्या काठाचा' आणि पुढे काहीतरी तुटकं, एवढंच उमटलं. मास्तरांना ते मालाचं वर्णन वाटलं. धुलाई एकदाच झाली, सुटा राहिलेला लाल रंग काठात उतरला आणि सगळा माल परत आला.

मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "निरोप तुटला कुठं?"

"पडद्यावर तुटला," मी म्हणालो.

शब्दाने खोटं नव्हतं. पण पडदा कुणाचा, हे मालकांना ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी टेबलाच्या काचेकडे. उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी तिला माझ्यादेखत सांगितलं.

त्या संध्याकाळी मी एक ओळ बदलली. आधी बाइट, मग लांबी. निरोप पूर्ण जाऊ लागले, आणि सगळे म्हणू लागले, बघा, ती गेली आणि प्रोग्राम सुधारला. माझ्या दुरुस्तीनेच तिच्यावर शिक्का बसला. गावातल्या बाकी कारखान्यांतही हेच पोचलं. तिला पुन्हा तसलं काम मिळालं नाही.

पुढे एकदा नवी पेठेत साडीच्या दुकानाबाहेर भेटली. "सर, किती बारीक झालात! आपला प्रोग्राम चालतोय का अजून?" आपला म्हणाली.

"चालतोय," म्हणालो आणि रिक्षाला हात केला.

गेल्या आठवड्यात मालकांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.

"जाऊ द्या हो, आता कोण विचारतंय?"

"मी विचारतोय," म्हणालो. त्यांच्यासमोरच जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चूक कुणाची ते लिहून टाकलं. दोघातिघांनी हात जोडलेली चित्रं टाकली. ती त्या ग्रुपवर नाही.

तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलोय. पुन्हा जाणार आहे. दारात उभं राहून बोलायचं ते एवढंच: चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती. तू वेळेवर सांगितलं होतंस. तरी मालकांसमोर मी तुला पुढे केलं आणि गप्प बसलो. मला माफ कर.