नऊशे ग्रॅमचा ससाणा

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने लाजाळू असावं, पण इतकं? समोरच्याने काही विचारलं की माझी मान आपोआप ‘हो’ म्हणून हलते. ह्याच मानेने कुवेतमध्ये माझ्या गळ्यात ससाणा बांधला!

मी सुधीर, गुहागरचा. आठवीत शाळा सोडली, गाडी शिकलो आणि कुवेतच्या सलवा भागात एका कुवेती घरी ड्रायव्हर झालो. घरमालकांना आम्ही सगळे ‘बाबा’ म्हणायचो. थंडीच्या तोंडाला त्यांनी ससाणा आणला आणि मला विचारलं, “सुधीर, चिडिया मालूम?”

आमच्या घरी कोंबड्या होत्या. हलली मान!

“काय रे सुध्या,” आमचे आचारी इक्बालभाई म्हणाले. ते श्रीवर्धनचे. “कोंबडी नि ससाणा एकच वाटला काय तुला?”

“नाही म्हणायचं राहून गेलं, भाई.”

झालं! रोज सकाळी त्याला तराजूवर ठेवायचं, वहीत वजन लिहायचं, एक बटेर, म्हणजे आपला लावा पक्षी, खायला द्यायचा. संध्याकाळी जाड हातमोज्यावर घेऊन बाबांच्या पाहुण्यांच्या बैठकीत बसायचं. का? तर त्याला माणसांची सवय व्हावी! तीन-तीन तास! हात खाली करायचा नाही, खोकला आला तरी गिळायचा. वीस माणसं टक लावून बघताहेत आणि मी घामाघूम. ससाणा आठ दिवसांत माणसाळला. मी अजून नाही.

बाबांचा नियम एकच. वजन नऊशे ग्रॅम. “भूखा है तो उडेगा, खाने को वापस आएगा. पेट फुल, चिडिया खलास!”

आणि वर एक अट. मार्गशीर्षात माझ्या बहिणीचं लग्न होतं. तिला भाऊ मी एकटाच, म्हणजे लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान माझा. बाबा म्हणाले, “चिडिया रेगिस्तान में उडेगा, तो दूसरे दिन तेरा तिकीट.”

सोपं होतं हो! फक्त उपाशी ठेवायचं. पण तो बटेर संपवून माझ्याकडे असा बघायचा, की मला जेवण जाईना. आमच्याकडे दारात आलेल्या पोस्टमनलाही कोणी उपाशी जाऊ देत नाही. दिला एक तुकडा जास्त. दुसऱ्या दिवशी दोन. तराजूने साडेनऊशे दाखवले. मी घाबरून लिहिले नऊशे.

इथे थांबलो असतो तर!

बाबांनी अंगणात उडवून बघितला. महाराज खुंट्यावरून हलेनात. बाबांनी वही मागितली. “वजन बराबर, फिर भी नहीं उडता? कमजोर हो गया! रोज एक बटेर ज्यादा दे!”

आता खरं बोलायची वेळ होती की नाही? मान हलली.

मग वजन हजारावर गेलं. वहीत नऊशे. त्यानंतर मी खरोखर कमी घालायला लागलो, तरी वजन वाढतच होतं. मी तराजू बदलला, तो पुसला, त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं!

शेवटी तो दिवस आला. वाळवंटात तंबू, गालिचे, बाबांचे तीन भाऊ, त्यांची मुलं. बाबांनी ससाण्याच्या डोळ्यांवरची चामड्याची टोपी काढली. लांबून एकाने पंखांचं आमिष गरगर फिरवलं. ससाण्याने एक डोळा उघडला. पिसं फुगवली. मान फिरवली. आणि तो चक्क झोपला!

“चिडिया है या बिल्ली?” एक भाऊ म्हणाला. सगळे हसले. बाबा सोडून.

बाबांनी तंबूतला स्वयंपाकाचा तराजू मागवला. अकराशे वीस! आधी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मैं ज्यादा दिया, बाबा,” मी एकदाचं बोललो. “भूखा लगता था.”

मागून इक्बालभाईंचा बारीक आवाज आला. “मैं भी, बाबा. थोडा कलेजी. रोज.”

“भाई! तुम्ही?”

“तू उपाशी ठेवतोस म्हणून रे!”

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “नौ सौ ग्राम. फिर तिकीट.”

पुढचे वीस दिवस त्या पक्ष्याने माझ्याकडे जसं बघितलं, तसं वैऱ्याकडेही कोणी बघू नये. पण लग्नाच्या चार दिवस आधी तो बाणासारखा उडाला आणि परत आला. बाबांनी तिकीट हातात ठेवलं.

लग्नाच्या सकाळी आई म्हणाली, “किती वाळलास रे!” आणि ताटात घावन पडायला लागले. एक, चार, नऊ. आईला नाही कसं म्हणणार? मान हलत गेली. मग मंडपामागच्या खुर्चीत जरा टेकलो.

“मुलीचा भाऊ कुठाय? कान पिळायला या लवकर!” भटजींनी हाक मारली. मामा धावत आला. “सुध्या, ऊठ!”

मामा सांगतो, मी एक डोळा उघडला, गाल फुगवले आणि मान फिरवली.

कान शेवटी चुलतभावाने पिळला.